पाच अंशांवरचे मामा

डुकराच्या वीर्याविषयी इतक्या मायेनं बोलणारा माणूस अख्ख्या बोरिवलीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर कृपा करून त्या दोघांना एका पंगतीला बसवू नका. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सरकारी पशुवैद्यक होते. निवृत्त फक्त त्यांची खुर्ची झाली. माझ्या मेव्हणीच्या साखरपुड्यात मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "सध्या काय चाललंय?" इतर निवृत्त माणसं अशा वेळी गुडघ्यांबद्दल बोलतात. मामांनी बासुंदीची वाटी जवळ ओढली आणि नर डुकराचं रेत कसं गोळा करतात ते हातवाऱ्यांसकट सांगितलं. लग्न झालं, पण ते काका अजूनही आमच्याकडे आले की फक्त चहा घेतात, तोही बिनदुधाचा.

मामांचं भांडण अँटिबायोटिकशी होतं. डुकरिणीला कृत्रिम रेतन करायचं तर नराचं रेत काही दिवस टिकवावं लागतं. ते सतरा अंशांच्या आसपास ठेवतात, पण त्या उबेत जंतूही मजेत वाढतात. म्हणून द्रावणात सर्रास अँटिबायोटिक घालतात. "घर झाडायचं नाही आणि उदबत्ती लावायची, असा प्रकार आहे हा," मामा म्हणत. त्यांचा मार्ग वेगळा होता. गोळा करतानाच कमालीची स्वच्छता पाळायची, रेत खास द्रावणात मिसळायचं आणि अगदी हळूहळू पाच अंशांपर्यंत गार करायचं. त्या थंडीत जंतूंची वाढ मंदावते. अडचण अशी, की डुकराचे शुक्रजंतू भलतेच नाजूक; जरा घाईनं गार केले की जीव सोडतात. त्यामुळे धीर लागतो, आणि मामांनी आपला सगळा धीर शुक्रजंतूंसाठी राखून ठेवला होता. रिक्षावाले, सोसायटीचा सेक्रेटरी आणि मी, यांच्या वाट्याला काही उरत नसे. नाक्यावरच्या केमिस्टकडे उभे राहून ते सर्दीवर अँटिबायोटिक मागणाऱ्या परक्या माणसांना दटावून घरी पाठवत. शेवटी केमिस्टनं हात जोडले, "डॉक्टरसाहेब, कधीतरी समोरच्या दुकानात पण उभे राहा ना!"

मामा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांचा फ्रिज म्हातारा झालेला, त्याचा पारा सारखा वरखाली. एका सकाळी ते थर्मामीटर घेऊन आमच्या फ्रिजमध्ये डोकं घालून बसलेले दिसले.

"तुझा खालचा कप्पा पाच अंश झकास धरतो गं!"

"मामा, वाट लावाल माझ्या फ्रिजची! तिथे मी दही ठेवते," बायको ओरडली.

"दह्यात तरी काय, जंतूच ना? माझा माल त्यापेक्षा स्वच्छ आहे."

दही वरच्या कप्प्यात गेलं. तेव्हापासून आमच्या घरी फ्रिज उघडणारा पाहुणा आणि त्याला अडवायला धावणारी माझी बायको, हे दृश्य नेहमीचं झालं.

मामांच्या पद्धतीवर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती, मढची रेजिना. ती गावात डुकरं पाळते आणि लहानथोर सगळ्यांना एकेरीत हाक मारते. तिचा राजा नावाचा काळा नर म्हातारा झाला होता. त्याचा वंश राहावा म्हणून मामा त्याचं रेत आणायला निघाले आणि पेटी धरायला मला घेऊन गेले. तिथे मामांनी राजाशी जे काही केलं, ते पाहायची माझ्यावर वेळ आली. राजाच्या चेहऱ्यावर समाधान होतं, एवढंच सांगतो. येताना रिक्षा खड्ड्यात आदळली तसे मामा गरजले, "हळू चालव रे, आत लेकुरवाळी मंडळी आहेत!" रिक्षावाल्यानं आरशातून आम्हा दोन पुरुषांकडे पाहिलं आणि बोरिवलीपर्यंत तोंड उघडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी रेजिनाचा फोन आला. मामा आमच्याच स्वयंपाकघरात होते. "डॉक्टर, राजा गेला रे. आता जे आहे ते तुझ्या बाटल्यांत. माझ्या डुकरिणी अजून माजावर नाहीत. तवर टिकेल ना? थोडं औषध घाल ना त्यात, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," मामा म्हणाले. फोन ठेवून ते फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले. 

"घालून टाका ना मामा," मी म्हणालो. "एवढ्या वेळेपुरतं."

"जावईबापू, तुमच्या मामीचं ऑपरेशन साधंच होतं हो. जखमेत अँटिबायोटिकला सरावलेले जंतू शिरले. डॉक्टर रोज नवं औषध लावायचे, एकही लागू पडेना. आणि मी नोकरीभर बाटल्याबाटल्यांत तेच ओतत आलो. ती त्यामुळे गेली असं नाही म्हणत मी. पण आता हात धजत नाही."

बायकोनं त्यांच्यासमोर चहा ठेवला.

काही दिवसांनी डुकरिणी माजावर आल्या. मामांनी एक थेंब कोमट करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावलं, "बघा, पोहतायत!" दोघींना रेतन केलं. तीन आठवड्यांनी एक उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. मामांनी दोन दिवस कोणालाच टोकलं नाही. केमिस्ट काळजीनं चौकशीला आला. दुसरी मात्र गाभण राहिली आणि जवळपास चार महिन्यांनी व्याली.

आम्ही वर्सोव्याहून फेरीबोटीनं मढला गेलो. काळ्या पिल्लांची रांग आईला लुचत होती. "हा सगळ्यात जास्त कटकट करतो," रेजिना एक पिल्लू उचलत म्हणाली, "म्हणून याला तुझं नाव दिलं." मामांनी ते छातीशी धरलं. पिल्लानं त्यांचा सदरा ओला केला. मामा रागावले नाहीत.

"तुमच्या मामीला दाखवलं असतं तर नाक मुरडलं असतं तिनं," ते म्हणाले. "आणि मग गुपचूप नाव काय ठेवलं ते विचारलं असतं."

परतताना धक्क्यावर बोट लागलीच होती. मी पाऊल टाकलं, पण मामा बाकावर बसून राहिले.

"जाऊ दे ही," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "पुढची घेऊ."

मी परत येऊन त्यांच्याशेजारी बसलो.