मावशींचा सत्कार

कुबड्यांची नवी जोडी तयार झाली की मावशी पदर कमरेला खोचायच्या, दोन्ही कुबड्या आपल्याच काखेत घ्यायच्या, एक पाय गुडघ्यात मुडपायच्या आणि कार्यशाळेच्या अंगणात फेरी मारून यायच्या. उंच माणसाची जोडी असली तर चवड्यावर, लहान मुलाची असली तर कमरेत वाकून. फेरी संपली की सुताराकडे बघून म्हणायच्या, "काख सांगती. आपन ऐकायचं." मग ती जोडी एकतर भिंतीला टेकायची, नाहीतर सुताराच्या पुढ्यात परत जायची.

नगरला आमची छोटी संस्था होती. पोलिओ झालेल्या मुलांसाठी पायाला बांधायचे कॅलिपर आणि ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी कुबड्या आम्ही करत असू. मी दिवसा शाळेत मास्तर आणि संध्याकाळी संस्थेचा चिटणीस. मावशी केडगावहून यायच्या. त्यांचा नवरा टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचा. त्याच्या शेजारी बसून त्या चामडं शिवायला शिकल्या आणि तो वारल्यावर आमच्याकडे कुबड्यांच्या गाद्या आणि कॅलिपरचे पट्टे शिवायला येऊ लागल्या. घरी एकट्याच असायच्या. पगाराचा विषय काढला की म्हणायच्या, "पोटापुरतं हाय घरी. हितं आलं की हात रिकामं ऱ्हात न्हाईत, तेवढं बास." अशी किती वर्षं गेली ते आमच्यापैकी कुणी मोजलं नाही.

एकदा एक बडे देणगीदार आले. नेमक्या त्याच वेळी मावशी अंगणात लंगडत होत्या. गृहस्थ हळहळले. "अरेरे, बाई, कधीपासून हे?"

"आत्ताच की. सकाळधरनं."

"मग काही उपाय?"

"सुताराला सांगितलंय, जरा रंधा मार म्हनून."

गृहस्थ बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघू लागले. मी हसू दाबायला खोकल्याचं निमित्त केलं.

पण त्यांचं ते लंगडणं नुसतं गमतीचं नव्हतं. संगमनेरकडचा एक गडी आला होता. उसाच्या गाडीखाली त्याचा पाय गेला होता. कुबड्या त्याला बरोबर बसल्या, पण लोकांच्या देखत चालायला तो तयार होईना. फाटकाबाहेर रस्ता वाहता होता. तो खाली मान घालून बसून राहिला. मावशींनी भिंतीला टेकलेली दुसरी जोडी उचलली, पाय मुडपला आणि म्हणाल्या, "चल, दोगं जाऊ. बगनारा माझ्याकडं बगंल, मी म्हातारी हाय." दोघं रस्त्याच्या पार त्या टोकापर्यंत गेली. परत येताना तो पुढे होता आणि मावशी दमून मागे राहिल्या होत्या.

शेवटी शेवटी त्यांचा टाका वाकडा जाऊ लागला. नजर अधू झाली होती. सुतार एके दिवशी कॅलिपरचा एक पट्टा घेऊन माझ्याकडे आला आणि त्याने वाकडी शिलाई बोटाने दाखवली. मी तो बघून त्याला परत दिला. त्यानंतर मावशी घरी गेल्या की तो त्यांची शिलाई उसवून पुन्हा घालायचा. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर सांगायचं कसं? तुम्हीही सांगितलं नसतं.

त्याच सुमारास सत्काराची कल्पना निघाली. काढली मीच. दुष्काळाचं साल होतं, फुलं कुठून आणणार, म्हणून सुताचा हार केला. शाल आणली, नारळ आणला, मांडव घातला. मानपत्र मी लिहिलं आणि मीच वाचलं. शेवट असा होता: "मावशी, या हातांनी फार केलं. आता त्यांना विश्रांती द्या. पुढचं आम्हा लेकरांवर सोपवा." टाळ्या पडल्या. असल्या समारंभात असंच बोलतात. मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि आम्हाला वाटलं, भरून आलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. दमल्या असतील म्हटलं. मग आठवडा गेला, दुसराही गेला. अंगणात फेरी न झालेल्या कुबड्यांची रांग लागली होती. मी केडगावला गेलो.

मावशी दारातच बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर होते. त्यांचे हात नुसते पडलेले मी कधी पाहिले नव्हते. आत ट्रंकेवर शालीची घडी होती आणि वर नारळ, न फोडलेला.

"येत का नाही मावशी?"

"आता कशाला? तुमीच भर मांडवात सांगितलं, इश्रांती द्या म्हनून. आमच्या गावच्या शाळंतल्या हेडमास्तरला शाल दिली, मग ते काय परत शिकवाया आलं का?"

"अहो, ते बोलायचं असतं."

त्यांनी मांडीवरचे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "मास्तर, येक इचारू का? माझा टाका वाकडा जातो म्हनून केलं ना हे?"

मी "नाही" म्हणालो. पण ते ताबडतोब म्हणायला हवं होतं. मध्ये मी एक श्वास घेतला आणि तेवढ्यात मावशींना कळलं.

"सरळ सांगायचं हुतं की. मी काय रुसले असते व्हय? असल्या सालात येवढा खर्च कशाला केला?"

मग त्यांनी चुलीवर चहा ठेवला. मी पुन्हा पुन्हा या म्हणालो, त्याही येते की म्हणाल्या. त्या आल्या नाहीत आणि मीही परत गेलो नाही. कामं होती, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं म्हणजे त्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटत होती. ते विश्रांतीचं वाक्य लिहिताना सुताराने दाखवलेला पट्टा माझ्या डोळ्यांपुढे होता का? नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. तेही जरा थांबूनच.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. संस्थेत शोकसभा झाली. मानपत्र छान झालं होतं म्हणून लोकांनी मलाच चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. मावशींच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तोवर सापडलं होतं. होय मावशी, टाका वाकडा जात होता, आणि तरी तुम्ही आम्हाला हव्या होतात. एवढंच बोलायचं होतं, पण तो पट्टा मला दाखवणारा सुतार समोर बसून माझ्याकडे बघत होता. मी तसाच खाली बसलो.