जालना ते धावडा, जुन्या गाडीत क्रूझ कंट्रोल बसवून

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "लांबचं ड्रायव्हिंग कमी करा." कमी म्हणजे किती, हे मी विचारलंच नाही. बंदच करा म्हणाले असते तर! बायकोला, मीनाला, गाडी येत नाही आणि तिचं माहेर धावड्याला. नेटवर वाचलं, की परदेशात गाडी समोरचं वाहन ओळखून आपला वेग आपणच कमी-जास्त करते. म्हटलं, आपल्या म्हाताऱ्या गाडीला का नको?

जुन्या जालन्यातले सलीमभाई मिस्त्री पोट धरून हसले. "सर, त्याला रडार लागतो. हिचे हेडलाइट धड न्हाईत! नुसता स्पीड धरून ठेवनारी डबी मिळते, ती बसवून देतो. ब्रेक दाबला की बराबर सुटते." डबीतली मोटर एका नव्या तारेने ॲक्सिलरेटर ओढून धरते, एवढं मला कळलं. मजुरीसकट साडेचार हजार गेले.

नवी वस्तू म्हटल्यावर मीनाने गॅरेजमध्येच हळदीकुंकू आणि पूजेचा धागा काढला. तपासणी उरकून सलीमभाई हात धुवायला गेले होते. "धागा कुठं बांधू?" तिने विचारलं.

"तारेलाच बांध की, नवी तीच आहे," मी म्हणालो.

रविवारी सकाळी सातला निघालो. राजूरपर्यंत खड्डे चुकवत तास गेला. तिथे गणपतीचं दर्शन, गरम भजी, दोन चहा. भोकरदनच्या पुढे रस्ता मोकळा दिसला तेव्हा बटण दाबलं, ताशी पन्नास. पाय उचलला. रिकामा पाय ठेवावा कुठं?

"हसा की जरा," मीना म्हणाली.

"हसतोय की," मी म्हणालो. नजर रस्त्यावरून हटत नव्हती.

चढ संपला आणि पुढे कापसाने भरलेली बैलगाडी. ब्रेक दाबला. डबीचा दिवा विझला, पण इंजिन तसंच ओरडत राहिलं! दोन्ही पायांनी दाबला, तरी गाडी पुढे ओढतच होती. कापसावर एक म्हातारी बसलेली, आमच्याकडेच बघत होती. माझी बुद्धीच बंद पडली. आपण हिला मारणार, एवढंच डोक्यात.

"अहो, चावी! चावी फिरवा!"

मी ब्रेकच दाबत राहिलो. शेवटी मीनानेच डॅशबोर्डवरची चावी फिरवली. बैलगाडीच्या मागे हातभरावर आम्ही थांबलो.

"निजले व्हते का काय?" म्हातारी वरून ओरडली.

"चुकलं मावशी," एवढंच तोंडातून निघालं.

बॉनेट उघडलं. चढावर तार जास्त ओढली गेली आणि धागा तिच्यासोबत तिच्या नळीत शिरून अडकला होता; डबी सुटली तरी तार मागे सरकेना. मीना रडायला लागली, "मी बांधला हो." बांध म्हणणारा मीच होतो, तिचं काय चुकलं? धागा कापला, डबीला पुन्हा हात लावला नाही, आणि हळूहळू धावडा गाठलं. सासूबाईंनी भाकरी, पिठलं, ठेचा वाढला.  घरात कुणाला काही सांगितलं नाही.

परतल्यावर सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी आधी बॉनेट उघडलं. "मी हात धुवाया गेल्तो, तेवढ्यात?" डबी त्यांनी उभ्या उभ्या काढून टाकली. तुम्ही बसवणार असाल तर मिस्त्रीने तपासल्यावर तिथे फुलाची पाकळीसुद्धा ठेवू नका.

गुडघा आहे तसाच आहे. मीनाने मात्र पुढच्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूल लावलं. आता धावड्याला तीच नेते, ताशी चाळीसने, हॉर्न वाजवत. मी शेजारी. बैलगाडी दिसली की माझे दोन्ही पाय खाली रुततात.

"अहो, पाय सोडा. मी आहे ना," ती म्हणते.

तेच तर. ती शेजारी आहे, म्हणूनच सोडवत नाहीत.