खरडच्या बसमध्ये धरलेल्या जागा

चंदीगडच्या फलाटावर पाय ठेवल्याबरोबर मी ओवीचं मनगट घट्ट पकडलं. स्टेशन म्हटलं की धक्काबुक्की आलीच, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. एका हातात सात वर्षांची पोर, दुसऱ्या हातात चकल्यांचा डबा, खांद्याला पर्स, अशी मी लढाईच्या तयारीनं उभी राहिले आणि मला कुणी धक्काच मारला नाही. एक सरदारजी तर "पहले आप" म्हणून चक्क बाजूला झाले.

"आपण बरोबर गावात उतरलोय ना?" मी यांना विचारलं. हे म्हणजे ओवीचे बाबा. हे म्हणाले, "पाटी वाच की." पाटी बरोबर होती.

माझी धाकटी बहीण नीता गेली अकरा वर्षं इथं सेक्टर तीसमध्ये राहते. तिचे यजमान तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आहेत. आम्ही साताऱ्याची माणसं. मी शाळेत लिपिक आहे, त्यामुळे मे महिन्यातही सुट्टी मिळवायला मुख्याध्यापकांच्या हातापाया पडावं लागतं. यंदा पडले आणि आलो. यांची एकच अट होती, हिंडायचं ते सरकारी बसनं. टॅक्सीतून गाव दिसतं पण कळत नाही, असं यांचं म्हणणं. मला ते पटलं, कारण बसच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

पहिले दोन दिवस मी नुसती चाट पडत होते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं, बहावा (त्याला इकडे अमलतास म्हणतात) पिवळाधमक फुललेला, आणि रस्त्यावर माणूस नाही. प्रत्येक चौक गोल आणि प्रत्येक गोल चौक आधीच्यासारखाच. सुखना तलावाला जाताना ओवी तीनदा म्हणाली, "आई, आपण परत तिथंच आलो." शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं. बस गार होती, बसायला जागा होती, आणि कंडक्टर ओवीलाही "आप" म्हणत होता. सतरा सेक्टरात जायचं म्हणून मी अठराच्या आसपास डोळे लावून बसले, तर सतराच्या समोर रस्ता ओलांडला की बावीस लागतो. हा कुठला हिशेब? नीता म्हणाली, "ताई, इथं पाढे विसर."

खाण्याचीही तीच तऱ्हा. परोठा मागवला तर ताटाएवढा आला, वर लोण्याचा गोळा. ओवीनं लोणी आधी संपवलं आणि परोठा मला दिला.

नीताची मुलगी सान्वी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते हिंदीत. "सानू, पाणी दे गं," म्हटलं की "देती हूँ मौसी." पाणी मिळतं, पण मला ठसका लागतो. दुसऱ्या दिवशी मी नीताला सुनावलंच, "पोरीला आपली भाषा नको का यायला?" सान्वीनं ऐकलं होतं. ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली, आणि मला जरा बरंही वाटलं. असला माझा स्वभाव.

तिसऱ्या दिवशी आनंदपूर साहिबचा गुरुद्वारा बघायचं ठरलं. नीताला काम होतं, म्हणून सान्वी आमच्याबरोबर आली. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावर (बसस्थानकावर) पोचलो. बस लागलेली होती. मोहाली, खरड, रोपड करत पुढे आनंदपूरला जाणारी. हे बाटल्या भरायला नळाकडे गेले, सान्वी चिप्सच्या दुकानाकडे. आणि तेवढ्यात मला दिसलं की वीस-पंचवीस कॉलेजची पोरं पाठीला पिशव्या लावून आमच्या दिशेनं येतायत.

आता इथं थोडं सांगायला हवं. आमच्या साताऱ्याच्या स्टँडवर एसटी लागली की दारातून चढतात ते नवखे. जाणकार माणूस खिडकीतून रुमाल टाकतो. त्याहून जाणकार माणूस पोर टाकतो. ओवी चार वर्षांची असल्यापासून हे काम करते. मी तिला कमरेला धरून उचलते, ती खारीसारखी आत जाते, बाकावर हात पसरून बसते आणि आपली माणसं येईपर्यंत कुणाच्या बापाला जागा देत नाही. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात तिचं या बाबतीत नाव आहे. एकदा जागा धरली की आम्ही निवांत. मग पाणी भरा, शेंगा घ्या, ओळखीच्यांशी बोला. कंडक्टर सगळ्यांना आत घेऊन, दार लावून, घंटी मारेपर्यंत कितीतरी वेळ असतो.

मी विचारच केला नाही. खिडकीची काच सरकवलेली होती. ओवीला उचललं, आत सोडलं आणि म्हटलं, "चार जागा धर. कुणाला देऊ नको. आम्ही आलोच." तिनं मान हलवली. मी वळले आणि यांना हाका मारत नळाकडे निघाले.

कॉलेजची पोरं शेजारच्या दुसऱ्याच बसमध्ये चढली.

पाठीमागं कुणीतरी शिट्टी वाजवली. मला वाटलं पोलीस असेल. हे नळावर तिसरी बाटली भरत होते. मी म्हटलं, "चला लवकर, जागा धरल्यात." आणि वळून बघते तर जिथं बस होती तिथं नुसती काँक्रीटची जमीन.

इकडे बस वेळेवर सुटते. आणि कंडक्टर घंटी मारत नाही, शिट्टी मारतो. या दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या आणि मीही विचारल्या नव्हत्या.

मी ओरडले का, मला आठवत नाही. हे सांगतात की मी ओरडले नाही, नुसती त्या रिकाम्या जागेकडे बोट करून उभी होते. यांच्या हातातली बाटली खाली पडली. मला पहिल्यांदा काय आठवलं तर ओवीच्या खिशात काही नाही. ना चिठ्ठी, ना नंबर. तिला माझा नंबर पाठ नाही. परवाच म्हटलं होतं की पाठ करून घेऊ. आणि घरात कायम मराठी, हिंदी फक्त कार्टूनपुरती.

सान्वी चिप्सची पुडी घेऊन आली. "ओवी कहाँ है?"

मी म्हटलं, "बसमध्ये टाकली."

"टाकली म्हणजे?" हे तिनं मराठीत विचारलं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"खिडकीतून. जागा धरायला."

तेरा वर्षांची पोरगी माझ्याकडे अशी बघत राहिली की तसं माझ्या सासूनंही कधी बघितलेलं नाही. "मौसी, बस तो आधी ख़ाली थी." बस अर्धी रिकामीच होती. खरं होतं ते. मी आत डोकावलेसुद्धा नव्हते.

हे अड्ड्याच्या दाराकडे धावत सुटले. बसमागं धावून काय होणार होतं? सान्वी धावली नाही. ती सरळ शेजारच्या बसच्या कंडक्टरकडे गेली आणि भराभर पंजाबीत बोलायला लागली. मला एकच शब्द कळत होता, कुड़ी (मुलगी). तो उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग हातानं उचलून आत ढकलल्याची खूण करून सान्वीला विचारलं. सान्वीनं मान हलवली. त्यानं कपाळाला हात लावला.

पण त्याच हातानं त्यानं फोन काढला. पुढच्या बसचा कंडक्टर त्याच्या ओळखीचा होता. एकदा लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, उचलला नाही. "टिकट काट रहा होगा," तो म्हणाला. "आप बैठो जी." त्याची बसही खरडवरूनच जाणारी होती; हे धापा टाकत परत आले आणि आमच्यासाठी त्यानं ती वेळेआधी सोडायला लावली. ती कॉलेजची पोरं, ज्यांना बघून मी हा पराक्रम केला होता, ती उठून मला जागा देत होती. मला बसवेना. मी दांडीला धरून उभी राहिले.

मोहाली आली. काचेच्या इमारती, सोसायट्या, एका रांगेत उभ्या गाड्या. हे सगळं मी पाहिलं असणार, पण आता डोळ्यांपुढे येते ती फक्त कंडक्टरच्या हातातल्या फोनची काळी काच. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, रोज दुसऱ्यांच्या मुलांच्या हजेरीपटावर नाव चुकलं तर मी शिक्षकांना झापते, आणि आज माझं स्वतःचं मूल कुठं आहे हे मला सांगता येत नव्हतं. मला माझी लाज वाटली. आणि भीती तर अशी वाटली की दातावर दात आपटत होते, मे महिन्याच्या उन्हात.

चौथ्यांदा फोन लागला. कंडक्टर बोलला, हसला, पुन्हा बोलला. "है जी, बैठी है. ठीक है." बस उड्डाणपुलावर होती, तिथं थांबवता येत नव्हती. खरडला थांबवतो म्हणाला. "पर बच्ची किसीसे बात नहीं करती," असं म्हणून त्यानं फोन माझ्यापुढं धरला. मी फोन घेतला आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. नुसता हुंदका.

सान्वीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"ओवी, मी सानूताई बोलतेय," ती म्हणाली. "रडत नाहीस ना? शहाणी गं माझी. हे बघ, आम्ही मागच्या गाडीत हाय. तू हलायचं न्हाई, गपगुमान बसायचं. ते काका चांगले आहेत. आलोच आम्ही."

अगदी साताऱ्याचा हेल. माझी आई असंच बोलायची, नीता लहान असताना. कायम हिंदीत उत्तरं देणाऱ्या या पोरीनं ही भाषा कुठं ठेवली होती? पलीकडून ओवीचा एकच शब्द ऐकू आला, "हो."

हे माझ्याकडे बघत होते, मी सान्वीकडे. ती लाजली आणि पुन्हा हिंदीवर आली. "ठीक है वो, मौसी."

खरडच्या थांब्यावर बस उभी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या फ्लॅटच्या जाहिराती, कॉलेजांच्या पाट्या, छोले-भटुऱ्यांच्या गाड्या, आणि त्यात ती बस, दार उघडं ठेवून. मी उडी मारून उतरले आणि धावत दारातून चढले. हो, या वेळी दारातून.

बस गच्च भरली होती. मोहालीत चढलेली माणसं दाटीवाटीनं उभी होती. मला बघून त्यांनी वाट करून दिली. खिडकीजवळच्या तिघांच्या बाकावर ओवी बसली होती, दोन्ही हात पसरून. तिच्या शेजारी बाकावर तिची एक चप्पल. त्याच्यापलीकडे दुसरी चप्पल. आणि मधल्या वाटेच्या पलीकडच्या बाकावर, एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी, ओवीची टोपी.

एवढ्या माणसांनी मोहालीपासून उभं राहून प्रवास केला होता. दोन चपला आणि एक टोपी बसून आल्या होत्या.

"मैंने कहा, पुत्तर (बाळा), किसी को बैठने दे," त्या बसचा कंडक्टर सांगू लागला. "मानी ही नहीं." त्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मैं वी किसी नूं नहीं बैण दित्ता." (मीही कुणाला बसू दिलं नाही.) त्यांनी ओवीला मट्ठी दिली होती, आपल्या खाऱ्या शंकरपाळ्यासारखी पण गोल. ती ओवीच्या मांडीवर तशीच होती. हात पसरलेले असल्यामुळे तिला खाता आली नव्हती.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट जरा वैतागलेली होती. "किती उशीर केलास, आई," ती म्हणाली. "माझे हात दुखले ना."

तिला भीती वाटलीच नव्हती. आई म्हणाली आलोच, म्हणजे आई येणार. बस सुटली, गाव गेलं, पूल गेला, तरी तिच्या हिशेबात फरक पडला नव्हता. मी तिची चप्पल उचलली आणि त्या जागेवर बसले, आणि मग इतकी रडले की म्हाताऱ्या बाईंनी मलाही मट्ठी दिली.

आनंदपूर पाहिलं. पांढराशुभ्र गुरुद्वारा, डोक्यावर ओढण्या घेऊन जेवलेला लंगर, दूरचे डोंगर. छान होतं. खरं सांगायचं तर मी दिवसभर ओवीचा हात धरून होते आणि तिच्या हाताला घाम आला म्हणून ती कुरकुरत होती. निघायच्या दिवशी सान्वीनं एका कागदावर ओवीकडून माझा नंबर दहा वेळा लिहून घेतला. मी नीताला म्हटलं, "तुझ्या पोरीला भाषेवरून बोलले, माझं चुकलं." नीता म्हणाली, "तुझं एवढंच चुकलं का, ताई?"

परत येताना पुण्याहून सातारा. स्वारगेटला एसटी लागली आणि माणसं नेहमीसारखी तुटून पडली. ओवीनं न सांगता पिशवी खाली ठेवली आणि खिडकीखाली हात वर करून उभी राहिली. "उचल ना, आई."

हे माझ्याकडे बघत होते. मी तिचा वर केलेला हात धरला आणि आम्ही दाराच्या रांगेत लागलो. आत गेलो तोवर एकच बाक रिकामा उरला होता. आम्ही त्याच्यापाशी पोचलो. तेवढ्यात त्याच्या खिडकीतून एक चार-पाच वर्षांची पोरगी आत आली. तिनं बाकावर हात पसरले आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

मी तिच्या बाकाला पाठ लावून उभी राहिले. दोघा-तिघांना कोपरानं अडवलं. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला तेव्हा मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "थांबा. हिची आई यायचीय."

आई आली. घामेजलेली, दोन्ही हातांत पिशव्या, माझ्यासारखीच. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ओ ताई, सरका तिकडं. जागा धरलीय आम्ही."

मी सरकले. साताऱ्यापर्यंत उभ्यानं आले.