शनिवारी गॅस कुणी बंद केला

हे लिहायला मी अगदी चुकीची व्यक्ती आहे, ते आधीच सांगून टाकते. असले अनुभव मी आजवर वाचले ते खोडून काढण्यासाठीच. खामगावला आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांची कामं कमी झाली की तिथे बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापली जायची. माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्या पत्रकांच्या घड्या घालण्यात आणि बाजाराच्या दिवशी ती वाटण्यात गेल्या. आई सभेत जिभेवर जळता कापूर ठेवायची आणि मग जीभ का भाजत नाही ते समजावून सांगायची. आमच्या घरात भुताला कुणी घाबरत नसे. भुताचा धंदा करणारे मात्र आईला घाबरून असायचे.

अशा घरातली मी, आणि तरी हे लिहितेय. कारण झालेलं लपवून ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची लबाडीच. आणि खरं सांगू... गप्प राहण्याचाही आता थकवा आलाय.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते. एकटीच. एका दुमजली लाकडी घराचा वरचा मजला भाड्याने घेतलाय. खाली घरमालक राहतात, पण ते वयस्कर जोडपं थंडीभर फ्लोरिडात असतं. पुढच्या खोलीत माझं डेस्क, मग एक लांबट बोळ आणि शेवटी स्वयंपाकघर. डेस्कवरून स्वयंपाकघर दिसत नाही. घराला येण्याजाण्याचं एकच दार, आणि त्याला आतून साखळी.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुकानांना माल पोचवणाऱ्या एका सिस्टीमवर काम करते. गेल्या वर्षी आमची निम्मी टीम कमी केली, काम मात्र कुणी निम्मं केलं नाही. एक आठवडा सोडून एक आठवडा मी ऑन-कॉल असते — म्हणजे सिस्टीम कधीही पडो, फोन वाजणार आणि मी उठणार. झोप झाली तरी न जाणारा थकवा असतो ना, तो आता माझ्या घरचाच झालाय.

त्यावर उपाय म्हणून मंदारने मला बिअरचा नाद लावला. मंदार सांगलीचा, इथे जवळच राहतो, घरच्या घरी बिअर बनवतो. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवायची, तिचं गोड पाणी काढायचं, ते खळखळून उकळायचं, त्यात हॉप्सची कडू फुलं घालायची, गार करून बादलीत ओतायचं आणि त्यात यीस्ट टाकायचं. पुढे बादली झाकून गप्प बसायचं. मला ते फार आवडलं. दिवसभर मी जे बनवते ते हातात धरता येत नाही... आणि यीस्टला कुणी मीटिंगला बोलावत नाही.

यात एकच गोष्ट सांभाळायची. ते पाणी उकळायला लागलं की दुधासारखं फसफसून वर येतं. उतू गेलं तर चिकट पाक सगळ्या शेगडीवर, आणि ज्योत विझली तर गॅस तसाच सुटत राहतो. माझी शेगडी जुनी आहे, ज्योत विझली की आपोआप बंद होणारी नाही. त्यामुळे पहिली उकळी येईपर्यंत भांड्यापासून हलायचं नाही, हा नियम.

फेब्रुवारीतला शनिवार होता, भर दुपार. भांड्याच्या कडेने बुडबुडे यायला लागले होते आणि फोन वाजला. सिस्टीम चुकीच्या दुकानांना माल पाठवत होती. लॉग-इन करून लगेच परत येऊ, असं म्हणून मी डेस्कवर गेले.

परत आले नाही. कॉलवर आमचा मॅनेजर ब्रायन होता, क्लायंटची माणसं होती आणि पुण्याहून सुशांत. सुशांत मूळचा बार्शीचा, कंत्राटावर काम करणारा, तिकडच्या शिफ्टला तेव्हा तोच होता. मला तो ताई म्हणतो. शोधता शोधता सापडलं, कुणीतरी एक सेटिंग बदलली होती. मी ती पूर्ववत केली, माल नीट जायला लागला, सगळ्यांनी एकमेकांना थँक यू म्हटलं आणि कॉल संपला.

आणि मग मला भांडं आठवलं. बोळातून पळतानाच मी नाक ताणून वास घेत होते... गॅसचा वास नव्हता.

गॅस बंद होता. भांड्याच्या अगदी काठापर्यंत फेसाचा तपकिरी चिकट पट्टा वाळला होता, म्हणजे ते पार वरपर्यंत आलं होतं. पण शेगडीवर एक थेंब नाही. भांड्यावर माझा लांब लाकडी चमचा आडवा ठेवलेला. दूध उतू जाऊ नये म्हणून आपल्याकडे पळी ठेवतात, तसा. तो चमचा मी धुऊन जाळीत ठेवला होता, अजून वापरलाही नव्हता. दाराची साखळी जागच्या जागी.

मी मंदारला फोन केला.

"यार, आधी हे सांग, हॉप्स टाकले होतेस का?"

"मंदार, मी काय सांगतेय? गॅस कुणीतरी बंद केला!"

"अगं बरंच झालं ना! माझ्याकडे आमची ही आहे, ती बंद करते आणि वर चार शब्द ऐकवते. तुझ्याकडे निदान न बोलता करतात. झाकण ठेव, पुन्हा उकळ, काही होत नाही त्याला."

मी पुन्हा उकळलं. आणि स्वतःला समजावलं — मीच मध्ये उठले असणार, बंद करून परत बसले असणार. दमलेलं माणूस काय काय विसरतं! हे स्पष्टीकरण मला पूर्ण पटलं आणि दोन दिवस छान टिकलं.

सोमवारी ब्रायनने मला त्या गोंधळाचा रिपोर्ट लिहायला सांगितला. आमच्याकडे अशा रिपोर्टमध्ये मूळ कारण लिहावं लागतं. सेटिंग ज्या लॉगिनवरून बदलली ते पुण्याच्या अख्ख्या टीमचं एकच सामायिक लॉगिन होतं. सुशांत म्हणत होता, मी हातही लावलेला नाही.

"आपल्याला कुणाला दोष द्यायचा नाहीये," ब्रायन अतिशय गोड आवाजात म्हणाला. "फक्त नाव लिहायचंय."

नाव लिहिलं की सुशांतचं कंत्राट संपणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. सुशांतच्या घरी तीन महिन्यांची मुलगी आहे.

काही निसटलंय का ते बघायला मी शनिवारच्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. असे कॉल आमच्याकडे रेकॉर्ड होतातच. माझा कॅमेरा चालू होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी खुर्चीत बसलेली आहे. एकदाही उठलेले नाही.

माझं छान स्पष्टीकरण तिथेच मेलं. पण पुढे आणखी होतं. मध्येच एका ठिकाणी मी बोलता बोलता थांबते, मान वळवून बोळाकडे बघते. काही क्षण कुणीच बोलत नाही. आणि मग मी मराठीत म्हणते, "हो, बंद करा तुम्ही. मी नंतर बघते." अगदी सहज... घरातल्या माणसाला म्हणावं तसं. मग इंग्रजीत सॉरी म्हणून मी पुढे बोलायला लागते.

मला यातलं काहीही आठवत नाही. आजही नाही.

संध्याकाळी मी सुशांतला फोन केला तो सेटिंगबद्दल विचारायला. बाकी काही काढायचं नाही असं ठरवलं होतं.

"ताई, शपथ घेऊ का? मी ते पान उघडलंसुद्धा नव्हतं."

"शपथ नको, रे. नीट आठवून सांग."

"नीटच सांगतोय. त्या कॉलमधलं मला सगळं आठवतंय, ताई. तुमच्या घरच्या बाई मध्येच आल्या तेसुद्धा."

"कोण बाई?"

"त्या म्हणाल्या ना, 'उतू चाललंय, बंद करू का?' आणि तुम्ही हो म्हणालात. मला बरं वाटलं ऐकून. म्हटलं, ताईंकडे कुणीतरी आहे."

"सुशांत, मी एकटी राहते."



मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आवाज पूर्ण वाढवून, हेडफोन बदलून. त्या जागी फक्त शांतता आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते त्याला पुण्यात ऐकू येणं शक्यच नाही, एवढं तर मला माझ्या कामातलं कळतं. कॉलवरच्या आणखी एकीला विचारलं. तिला मी घरात कुणाशी तरी बोलल्याचं आठवत होतं, दुसरा आवाज नाही.

मग माझी खरी पंचाईत सुरू झाली. सुशांतला भास झाला म्हटलं, तर ब्रायनचंही म्हणणं तेच होतं — या मुलाला काय घडलं ते धड आठवत नाही. आणि तो खरं बोलतोय म्हटलं, तर माझ्या स्वयंपाकघरात एक बाई होती! दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात, एकाच आवाजात सांगितल्या होत्या. मला सोयीची तेवढी अर्धी खरी कशी धरू?

आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"तू दमली होतीस," ती म्हणाली.

"आई, नॉब दाबून फिरवावा लागतो. दमल्याने तो आपोआप फिरत नाही."

"तो तपासलास?"

"खोलून बघितला. तसंच भांडं पुन्हा चढवूनही बघितलं. ज्योत विझली, नॉब होता तिथेच होता."

"हं." मग तिने विचारलं, "त्या मुलाचा फायदा काय, आवाज ऐकल्याचं सांगून?"

आईची ही जुनी पद्धत. कुठे अंगात आलं, कुठे घरावर दगड पडले, की ती आधी हे विचारायची.

"काहीच नाही. उलट तोटा. हे कळलं तर त्याला वेड्यात काढतील."

"मग तो खोटं बोलत नाहीये. चुकत असेल, पण खोटं बोलत नाहीये. बाकीचं मला माहीत नाही बाई."

माझ्या आईच्या तोंडून 'माहीत नाही' मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलंय.

रिपोर्टच्या मीटिंगला ब्रायनने सरळच विचारलं, "सुशांतची आठवण भरवशाची आहे का?"

मला तेव्हा काय आठवलं सांगू? आमच्या भागात गावात लागोपाठ गुरं मेली की देवऋषी बोलवायचे. तो एका बाईकडे बोट दाखवायचा. बहुतेक वेळा विधवा, एकटी, जिच्या बाजूने बोलायला कुणी नाही अशी. कारण सापडत नाही हे कबूल करण्यापेक्षा करणी कुणी केली ते सांगणं सोपं. आईची निम्मी पत्रकं त्या एका बोटाविरुद्ध होती. आणि इथे, काचेच्या ऑफिसात, कॉफीचे कप हातात धरून तेच बोट चाललं होतं. फक्त त्याला आम्ही मूळ कारण म्हणत होतो.

"आहे," मी म्हणाले. "तो नाही म्हणतो. लॉगिन अख्ख्या टीमचं आहे. कारण अज्ञात, असं लिहू."

"क्लायंट 'अज्ञात' मान्य करत नाही."

"मग माझं नाव काढा रिपोर्टवरून. जे मला माहीत नाही ते मी लिहिणार नाही."

मी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर सामान बांधायला किती वेळ मिळतो ते मला चांगलं ठाऊक आहे.  ब्रायन म्हणाला, "ठीक आहे. पण ही तुझी जबाबदारी."

"चालेल."

सुशांत राहिला. ब्रायन हल्ली माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो. बिअर जेमतेम झाली, जरा गोडसर. मंदारने तरी दोन ग्लास संपवले.

ओळखीच्या एका काकूंनी सत्यनारायण घालायला सांगितला. एका मित्राने डॉक्टरचा नंबर दिला. पूजा घातली नाही. डॉक्टरकडे गेले. त्यांनी मेंदूचा फोटो काढला, सगळं नॉर्मल आहे म्हणाले, आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

नोकरी टिकल्याचं कळलं त्या दिवशी सुशांतने फोन केला होता. आभार मानून झाल्यावर फोन ठेवायचा सोडून तो घुटमळत होता. मीच विचारलं.

"तो आवाज ऐकून तुला भीती नाही वाटली?"

"नाही ओ ताई. भीतीदायक नव्हताच तो."

"मग कसा होता?"

"दमलेला," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरचं काम आटपून आलेलं माणूस बोलतं ना, तसा. त्यांना पण घाईच होती बहुतेक."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. कुणी नव्हतं. कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं, पण कोण म्हणून मारणार?

ज्यांना यात देव दिसेल त्यांनी मला कळवू नये, भूत दिसेल त्यांनीही नको. खरं कारण सुचलं तर जरूर कळवा, मी तपासून बघेन. मला ते सापडलेलं नाही. आणि सापडलं नसताना सापडलं असं मी म्हणणार नाही... कुणाला कितीही बरं वाटणार असलं तरी, अगदी मला स्वतःलासुद्धा.