पडवीतलं इंजिन

आमच्या पडवीच्या लाकडी खांबाला ग्रीसचे डाग आहेत. येणारा जाणारा विचारतो, वहिनी, हे काय? मी सांगते, ट्रकचं इंजिन खोलून परत बांधलं होतं इथे. तुमच्या मालकांनी? नाही, मी. मग समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खांबाकडे, आणि चहा घेऊन गप्प बसतो. मला ते फार आवडतं, खोटं कशाला सांगू.

आमचं घर वाणगावहून गंजाडकडे जाताना रस्त्याला लागून आहे. थोडी चिकूची झाडं, थोडं भात आणि एक म्हातारा ट्रक. ट्रक माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा, म्हणजे घरात माझ्यापेक्षा मोठा मान त्याचा. पूर्वी तो पेंढा भरून पार मुंबईच्या तबेल्यांपर्यंत जायचा. आता वय झालं म्हणून तलासरी, फार तर अच्छाडपर्यंत. चालवायला दुसरं कुणी नाही, आमचे हेच. बिघडला तरी हेच उघडणार, हेच जोडणार. बायकोचा वाढदिवस लक्षात नसेल, पण ट्रकच्या ऑइलची तारीख तोंडपाठ.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा म्हणून जीभ सावरली, पाय सावरला. उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. चमचा धरला की थरथरायचा, वरण ताटाऐवजी सदऱ्यावर. त्यातच बदली ठेवलेल्या ड्रायव्हरने रेडिएटरमधलं पाणी न बघता ट्रक पळवला आणि चारोटीच्या पुढे इंजिनाने मान टाकली. दोरी बांधून घरी आणला तेव्हा हे ओटीवर बसून नुसते बघत होते. घरातले दोन कर्ते एकदम आजारी पडावेत तसं झालं.

मी म्हटलं, “अच्छाडला गॅरेज आहे ओळखीचं. तिथे टाकू.”

“माझ्या इंजिनाला परका हात लागायचा नाही.”

“मग कुणाचा लागणार? तुमच्या हातात चमचा राहत नाही.”

बोलून गेले. माझं तोंड असंच आहे, आधी सुटतं आणि मग मला कळतं. पण हे चिडले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, “तुझा लागेल.”

“माझा हात काय तुमचा आहे?”

“लग्नात दिला होतास ना? मग आता पाना धर.”

माझं माहेर तलासरीचं. वडिलांची पिठाची चक्की होती, डिझेलवर चालणारी. त्यामुळे डिझेलचा वास मला काही नवा नव्हता. म्हटलं, बघू तरी. माणूस दिवसभर खाटेवर छताकडे बघत पडतो, त्यापेक्षा माझ्यावर खेकसत बसलेला बरा.

गणपती गेले आणि काम काढलं. आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधून पाड्यावरच्या दोघा गड्यांनी इंजिन बाहेर उचललं आणि पडवीत आणून ठेवलं. पुढचं सगळं मी. हे खुर्चीत बसायचे, डाव्या हातात काठी. काठीने दाखवायचे, हा नट, तो बोल्ट, नाही गं, त्याच्या शेजारचा. मी साडीवर ह्यांचा जुना शर्ट चढवून, केसांना फडकं बांधून खाली बसायची. काढलेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा आणि चिकूच्या क्रेटमध्ये ओळीने मांडायचा. ज्या जागेचा आहे त्याच जागी परत गेला पाहिजे. नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या, धूळ जाता कामा नये. एका चिंधीसाठीही ओरडा खाल्लाय मी.

ओरडा एकतर्फी नव्हता म्हणा. एकदा मी दुपारभर खपून बसवलेला भाग ह्यांनी परत काढायला लावला. मी पाना क्रेटमध्ये आपटला आणि म्हटलं, आज स्वयंपाकपण काठीनेच करा. संध्याकाळी बघते तर डाव्या हाताने भात टाकलेला, गुरगुट्या झालेला, मीठ विसरलेलं. खाल्ला मी. दुसऱ्या दिवशी तो भाग परत काढला.

तलासरीच्या लेथवर सिलिंडर घासून आणले, पिस्टनला नव्या रिंगा आणल्या. रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका रेषेत यायला नकोत, नाहीतर तिथून दाब निसटतो. ह्यांनी मला कसं समजावलं? म्हणाले, “जावाजावांसारख्या बसव. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.” मला इतकं हसू आलं की रिंग हातातून सुटून खाटेखाली गेली.

पण सांगताना हे मधेच थांबायचे. डोळे मिटायचे. तेच वाक्य पुन्हा म्हणून बघायचे. मला वाटलं दमत असतील. एका संध्याकाळी मी हात धूत होते, तेव्हा आपणहून बोलले.

“हात गेला त्याचं मला एवढं नाही. पण डोक्यातलंही थोडं गेलं असेल तर? हात गेलेला दिसतो. हे गेलेलं कळणार कसं?”

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक म्हटलं होतं. पण ह्यांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, इंजिनावर होता. म्हणाले, “हे चाललं तर मी आहे तसा आहे. नाही चाललं तर समजायचं, माणूस अर्धाच उरलाय.” त्या दिवसापासून मी ते इंजिन ट्रकसाठी बांधत नव्हते.

मधे दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं, अवजारं, गाडी, सगळ्यांची पूजा असते. त्या वर्षी गाडी पडवीभर पसरलेली. मी पाने पुसून मांडले, झेंडूची माळ इंजिनावर घातली. हे अंघोळ करून आले आणि क्रेटकडे बघून म्हणाले, “ती बोंदरं काढ सगळी. सणाच्या दिवशी देवाला चिंध्या दाखवायच्या का?”

काढल्या. हळद, फुलं मी वाहिली. अक्षता वाहायला हे पुढे आले. अक्षता उजव्या हातानेच वाहायच्या, आणि उजवा हात तर असा. मी खालून मनगट धरायला गेले तर कोपराने मला बाजूला केलं. कुंकू लावलेले तांदूळ थरथरत इंजिनावर पडले, पाटावर पडले, क्रेटमध्ये पडले, माझ्या पायावर पडले. नमस्कार करून उठले तेव्हा चेहरा एवढा समाधानी, की मी केरसुणी आणायलाही थोडी थांबले. नंतर झाडलं, पुसलं, चिंध्या परत कोंबल्या.

दिवाळीच्या आधी इंजिन ट्रकमध्ये चढलं. फराळ नंतर केला, आधी नळ्या जोडल्या. अच्छाडचा एक भंगारवाला कधीपासून चकरा मारत होता. माणूस वाईट नव्हता, गुजरातीच्या वळणाने गोड बोलायचा. त्याला ह्यांनीच शब्द दिला होता की देवदिवाळीपर्यंत चालू नाही झाला तर घेऊन जा.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा इंजिन सुरू झालं. खरंच पेटलं! धूर निघाला, कोंबड्या पळाल्या. आणि चार धक्के खाऊन बसलं. हातपंपाने डिझेल ओढलं, हवा काढली, परत चावी फिरवली. परत तेच. पेटायचं, गुरगुरायचं, बसायचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हणायची, पंप बघू, नळी बघू. हे म्हणायचे, हातपंपाला डिझेल येतंय ना, मग नळीत काय बघायचंय? दोष आत आहे. काहीतरी उलटं सांगितलं मी तुला. आणि मग काठी बाजूला ठेवून द्यायचे.

देवदिवाळीच्या दिवशी भंगारवाला सकाळीच आला, दोन माणसं आणि दोरखंड घेऊन. ह्यांनी त्याच्यासमोर शेवटची चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि बसलं. हे खाली उतरले, दार लावलं, आणि सहज बोलावं तसं म्हणाले, “घेऊन जा.”

माझं डोकं सटकलं. भंगारवाल्याला म्हटलं, “भाऊ, आमच्या दारातून चहा न घेता कुणी जात नाही. बसा तिथे.” तो बसला. चहा ठेवला आणि उकळेपर्यंत मी पाना घेऊन ट्रककडे गेले. वडिलांची चक्की बंद पडली की ते दुसरं काही बघायच्या आधी डिझेलची नळी सोडवून तोंडाने फुंकायचे. लहानपणी किती वेळा बघितलं होतं. ह्यांचं काही ऐकायचं नाही असं ठरवून नळी सोडवली आणि फुंकली. हवा गेली. उलट बाजूने ओढली, तर एकदम अडली. डिझेल तोंडात आलं, थुंकले, परत ओढली, परत अडली. टोकाचा पोकळ बोल्ट काढून तळहातावर ठोकला.

तांदळाचा एक दाणा पडला. डिझेलने तेलकट झालेला, पण एका बाजूला कुंकवाचा लाल रंग अजून धरून होता.

हातपंपाने हळू ओढलं की डिझेल त्याच्या बाजूने येत होतं. इंजिनाने जोरात ओढलं की दाणा जाऊन भोकावर बसत होता. एवढंच. मी तशीच उभी राहिले. दाणा फेकून दिला असता, नळी जोडली असती, ट्रक चालू झाला असता. पण मग हे आयुष्यभर म्हणत बसले असते की आपल्या सांगण्यात काहीतरी चुकलं होतं. आणि दाखवला तर कळणार, हा कोणाच्या हातून पडला ते. तो हात ह्यांना किती सलतो ते मला ठाऊक होतं.

चहा उतू गेल्याचा वास आला. मी गेले आणि ह्यांच्यापुढे तळहात धरला.

ह्यांनी चष्मा वर केला. मग उजवा हात उचलून, त्या थरथरत्या बोटांनी तो दाणा माझ्या तळहातावर जरा हलवला, लाल बाजू वर केली.

“दसऱ्याचा,” म्हणाले. “माझाच.”

“हो.”

“म्हणजे आतलं सगळं बरोबर होतं?”

“सगळं. तुम्ही सांगितलं तसंच.”

हे हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदा असे हसले, भंगारवाला कप धरून बघतच राहिला. हसता हसता डोळे भरले. मीही रडले, मला काही लाज नाही त्याची. “हाताने केलंय गं हे,” म्हणाले, “डोक्याने नाही.” आणि मग, डोळे पुसून, “हाताचं काय एवढं? हात आहे माझ्याकडे.”

मी नळी जोडली, हवा काढली. चावी ह्यांनी फिरवली, डाव्या हाताने. इंजिन पेटलं, धूर काढला, धक्के खाल्ले आणि चालू राहिलं. आम्ही वाट बघत होतो बंद पडायची, ते पडेना. भंगारवाल्याने कप पालथा घातला, दोरखंड खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “शेठ, तुमी तर माझा धंदा बसवला.” ह्यांनी त्याला चिकूची पिशवी दिली.

आता ट्रक मी चालवते, म्हणजे वाडीतल्या वाडीत. लायसन्स काढायचंय. हे शेजारी बसून काठीने गियर दाखवतात. यंदाच्या दसऱ्यालाही अक्षता ह्यांनीच वाहिल्या, उजव्या हाताने. मी आदल्या दिवशीच सगळी झाकणं तपासली होती, आणि ह्या वेळी मनगट धरलं तेव्हा ह्यांनी कोपर मारलं नाही.