व्हर्नाने जुळवलेलं शेवटचं वर्ष

आमच्या शाळेत मुलं टिकत नाहीत. त्यात शाळेचा दोष नाही. गावाला लागून लष्कराचा तळ आहे, आणि बापाची बदली झाली की पोरं बिऱ्हाडासकट उचलली जातात. मी हजेरीच्या खिडकीत बसते. नाव तोंडात बसेपर्यंत पोर गेलेलं असतं, म्हणून आताशा मी नावं पाठच करत नाही. व्हर्ना क्लासन मात्र करायची.

व्हर्ना आमच्याकडची समुपदेशक. समुपदेशक म्हटलं की लोकांना वाटतं, रडणाऱ्या पोरांना रुमाल देणारी बाई. व्हर्नाचं खरं काम होतं विषयांची साखळी जोडण्याचं. इकडे अमेरिकेत प्रत्येक जिल्ह्याचं शाळामंडळ आपलंच घोडं दामटतं. कुठे नववीला बीजगणित आणि दहावीला भूमिती, तर कुठे सगळ्याची एकत्र खिचडी. तीन बदल्या झालेलं पोर त्रिकोण दोनदा शिकून येतं आणि लॉगॅरिदम त्याच्या कानावरूनही गेलेलं नसतं. मग बारावीला त्याला कॅल्क्युलसच्या वर्गात घेणार कोण? आणि ते नसेल तर चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज दारात तरी उभं करेल का? व्हर्ना जुन्या शाळांना फोन लावून कुठे काय राहिलं ते शोधायची, उन्हाळी वर्गाचं ठिगळ लावायची आणि बारावीपर्यंतची वाट आखून द्यायची. बहुतेक पोरं ती वाट अर्ध्यावर टाकून पुढच्या गावाला निघून जायची. मी असते तर केव्हाच नाद सोडला असता.

घरी ती एकटीच. लग्न केलं नाही, आणि आई गेल्यावर तर घरात बोलायलाही कुणी उरलं नाही. सकाळी निघताना ती रेडिओ चालू ठेवायची. परत आल्यावर कुणाचा तरी आवाज असावा, म्हणून. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

जोनेल फाँटेनो दहावीत आमच्याकडे आली. वडील सार्जंट, मूळचे दक्षिणेतले, आई लहानपणीच गेलेली. पोरीला विमानांची इंजिनं बनवायची होती आणि गणितात ही भली मोठी भगदाडं. व्हर्नाने ती एकेक करून बुजवली. पोर दुपारचा डबाही व्हर्नाच्याच खोलीत खायची. अकरावी संपत आली आणि सार्जंटसाहेबांच्या बदलीचा हुकूम आला, लुइझियानाला. व्हर्नाने तिकडच्या शाळेला फोन केला. कॅल्क्युलसचा वर्ग भरलेला, नावनोंदणी केव्हाच बंद.

सार्जंट टोपी हातात धरून भेटायला आले. "मॅम, बरोबर नेली तर तिचं कॅल्क्युलस बुडतं. इथे ठेवायची म्हटली, तर कुणाकडे ठेवू?"

"माझ्याकडे," व्हर्ना म्हणाली. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

त्यानंतरची व्हर्ना मी कधी पाहिली नव्हती. आईची खोली तिने स्वतः पिवळी रंगवली. बाईच्या केसांत रंग, कोपरांना रंग.

"राणी येणार आहे का गं कुठली?" मी विचारलं.

"बर्टा, ते दक्षिणेकडचे लोक मक्याची लापशी खारट खातात म्हणे. तुला येते का करायला?"

"मला गोडसुद्धा येत नाही."

मे महिन्यात एक दिवस ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. "लुइझियानाहून फोन होता. मी निरोप ठेवला होता ना तिकडे, कुठे काही निघालं तर कळवा म्हणून. शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेत एक जागा निघालीय. तळावरची मुलं ते घेतात. अर्ध्या वर्षात कॅल्क्युलस पूर्ण, मग भौतिकशास्त्र. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुला."

"मग मला काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "वेडेपणा करू नकोस, व्हर्ना. पोर इथे सुखात राहील. कॅल्क्युलस इथेही तेच आहे. एवढं तरी पदरात पडू दे तुझ्या."

ती दार उघडून निघून गेली. मी तेव्हा म्हटलं ते आजही म्हणेन.

गुरुवारी शाळा सुटल्यावर जोनेल व्हर्नाच्या घरी खोली बघायला गेली. पुढचं मला व्हर्नाने सांगितलं. पोर पलंगाच्या कडेवर बसली, भिंतींकडे बघून "छान आहे, मॅम" म्हणाली. मग तिने विचारलं,

"मॅम, पपा जेवतील ना नीट? त्यांना एकट्याने जेवायची सवय नाही. ते उभ्याउभ्याच काहीतरी खातात."

व्हर्ना वर्षानुवर्षं एकटीच जेवत होती. ते त्या पोरीच्या मनातही आलं नसणार, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

"जोनेल," व्हर्ना म्हणाली, "तिकडे एक जागा निघालीय."

"म्हणजे मी पपांबरोबर जाऊ शकते? कॅल्क्युलस सोडायला नको?"

"काहीच सोडायला नको."

पोरीने तिला घट्ट मिठी मारली आणि वडिलांना फोन करायला जी धावत खाली गेली, ती परत वर आलीच नाही. दप्तर तसंच पलंगावर. व्हर्ना ते घेऊन खाली गेली.

"इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती," व्हर्ना मला म्हणाली. हसत होती. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

जूनमध्ये बापलेक गेले. शाळेचं टपालही माझ्याकडेच येतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरात एकदा मला राहवलं नाही.

"साधा एक फोन नाही. दोन वर्षं तुझ्याकडे डबा खाल्ला कार्टीने."

"अगं, नाही," व्हर्ना म्हणाली. "गेलेली मुलं फोन करतात ती काही अडलं की. वर्ग जुळत नाही, जागा मिळत नाही, मग आठवण येते. तिचं कुठे काही अडलेलं नाही. मी नीट जुळवलं होतं सगळं."

ती दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारलं, आजचं टपाल आलं का. मी म्हटलं, आलं, तुझं काही नाही.