चेंबर, चड्ढाजी आणि गोगटेकाकांची सही

माणसांचे खिसे रोज तपासायची नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते खिशातूनच निघतात. मी नोएडात सात वर्षं हे काम केलं. पोलिसात नव्हतो, ऑक्सिजन देत होतो. पण आधी झडती, मग ऑक्सिजन.

मित्रांना प्रत्येक वेळी चेंबर म्हणजे काय ते सांगावं लागतं. एक माणूस आडवा मावेल एवढं जाड, पारदर्शक नळकांडं. दार बंद केलं की आत शुद्ध ऑक्सिजन, आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीच्या आसपास. तास-दीड तास नुसतं पडून राहायचं. दाबामुळे ऑक्सिजन रक्तात नेहमीपेक्षा जास्त विरघळतो आणि जिथे रक्त धड पोचत नाही अशा जखमेपर्यंत जातो. नौदलात मी डायव्हर लोकांसाठी असंच चेंबर चालवायचो. घाईने वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात, त्याला लगेच आत घालायचं. तिथे कोणी संशय घेत नसे, सगळे गुपचूप आत जात. दिल्लीत आलो आणि पहिल्याच दिवसापासून पाहिलं, इथे प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय. त्यात मीही आलोच, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली की पुढे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून काडेपेटी नको, तेल नको, नायलॉन नको, घड्याळ नको. सुती झगा आणि रिकामे हात.

*

सेंटरचे मालक चड्ढाजी. आधी त्यांचा एसटीडी बूथ होता, मग केबल, मग पाण्याचे फिल्टर. देशाची दारं उघडत गेली तशी चड्ढाजी दुकानं उघडत गेले. आमचं सेंटर नव्या सेक्टरच्या मार्केटात होतं. आजूबाजूला अर्ध्या इमारतींना अजून बांबू बांधलेले होते.

मशीन परदेशातून आलं. मुहूर्ताला पंडितजी आले, हातात तुपाचा दिवा.

"आरती मशीन के अंदर होगी," पंडितजी म्हणाले.

मी चेंबरच्या दारात आडवा उभा राहिलो. चड्ढाजींचा चेहरा उतरला. "शेलार जी, आप भगवान पर शक करते हो?"

"भगवान पर नहीं जी, घी पर."

बऱ्याच वादानंतर आरती पार्किंगमध्ये झाली. मी सुटकेचा निःश्वास सोडून जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर दाराच्या आतल्या बाजूला, थेट रबरी सीलवर, तुपात कालवलेल्या शेंदराचं हे एवढं स्वस्तिक! तूप आणि ऑक्सिजन यांचं अजिबात पटत नाही. तीन दिवस मी एकेक फट पुसत बसलो होतो. आणि तीन दिवस चड्ढाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "इतनी बढ़िया मशीन है, रोज़ धुलती है."

*

फरीदाबादचे एक ठेकेदार होते. जबड्याच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं होतं, त्यात हाड कमकुवत झालं. अशा हाडाला चेंबरचा उपयोग होतो, म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. सोबत बायको. तिने अभिमानाने सांगितलं की यांनी विडी सोडून तीन वर्षं झाली.

मी मोजे काढायला लावले. उजव्या मोज्यातून विडीचं बंडल निघालं, डाव्यातून लायटर.

ठेकेदारांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "इन्होंने डाला है."

बाईंनी त्यांचं ऐकलं! पुढचा महिनाभर त्या झडतीच्या वेळी माझ्या हातांवर नजर ठेवून उभ्या असत. मुलीच्या लग्नाचे लाडू आणले तेव्हा अख्ख्या स्टाफला वाटले, मला नाही.

*

चड्ढाजींचं ब्रोशर हा वेगळाच विषय. आमच्या डॉक्टर सक्सेना मॅडम सरळ बाई. त्यांनी नीट यादी करून दिली होती: मधुमेहाच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा, रेडिएशनने खराब झालेलं हाड, विषारी वायूची बाधा, डायव्हर लोकांचा त्रास, गॅस गँगरीन, अचानक गेलेलं ऐकू येणं आणि अशाच आणखी दोन-चार गोष्टी. अर्धं पानही भरलं नाही. चड्ढाजींना रिकामं पान बघवेना. पुढच्या छपाईत टक्कल आलं. त्याच्या पुढच्या छपाईत सुरकुत्या, मुलांचा अभ्यासातला कंटाळा आणि "वैवाहिक सुख".

मॅडम प्रत्येक ब्रोशरवर लाल पेनाने काट मारत. चड्ढाजी पुन्हा छापून आणत. शेवटी एका पेशंटने दोन्ही ब्रोशरं शेजारी ठेवून विचारलं, "डॉक्टर साहब, फिर इससे ठीक क्या नहीं होता?"

मॅडमनी मालकांच्या केबिनकडे बघितलं. "मालिक."

*

हिवाळ्यात एका सकाळी हॉस्पिटलच्या गाडीतून एक मुलगी आणली. गाझियाबादच्या नव्या टॉवरमधली, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, दोघं पुण्याची. अंघोळीला गेली ती बाथरूममध्येच पडली. शेजारच्या आंटींच्या मते नजर लागली होती. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारत होत्या, "गोड बातमी तर नाही ना?" नवरा बिचारा नुसताच रडत होता.

कारण साधं होतं. इवलंसं चकाचक बाथरूम, गॅसचा गीझर आत, खिडकी थंडीमुळे बंद. गीझरच्या धुरातला विषारी वायू रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो आणि सहज उठत नाही. चेंबरमध्ये तो लवकर हाकलला जातो. पहिल्या बैठकीनंतर तिने डोळे उघडून नवऱ्याला विचारलं, "गॅस बंद केलास का रे?"

तेवढ्यात त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. मला वाटलं, मुलीला बघायला आले असतील. त्यांनी खिशातून टाईप केलेला कागद काढला. "मैडम से ज़रा लिखवा दो, गीज़र बिल्डर ने नहीं लगाया था."

*

आता गोगटेकाका. मयूर विहारच्या सोसायटीत राहणारे, जन्मभर सरकारी व्हिजिलन्समध्ये, म्हणजे संशय घ्यायचाच पगार. मधुमेह जुना. पायाला संवेदना नाही, त्यामुळे चपलेचा खिळा दोन दिवस डाव्या तळव्यात रुतत होता तरी कळलं नाही. जखम चिघळली. एका सर्जनने गुडघ्याखालून पाय काढायला सांगितलं, दुसऱ्याने आधी आमच्याकडे पाठवलं.

संमतीचा फॉर्म काकांनी पाऊण तास वाचला. "पडताळल्याशिवाय मी सही करत नाही, शेलार. आजवर एकाही खोट्या कागदावर माझी सही नाही."

"लग्नाच्या आधी माझी पत्रिकासुद्धा दोन ज्योतिषांकडे तपासली होती," काकू म्हणाल्या.

"दोघांच्या उत्तरांत तफावत होती," काका म्हणाले.

झडतीला त्यांनी अजिबात कुरकुर केली नाही. उलट मला म्हणाले, "तो डावा खिसा राहिला." मग स्वतः हात पुढे केला. "आता तुमचे दाखवा. आतला माणूस तुमच्या हातात. तुमच्या खिशात काय आहे ते त्याला कळायला नको?"

मी खिसे उलटे करून दाखवले. त्या दिवसापासून रोज आमची दोघांची झडती.

त्यांची अटही पहिल्याच दिवशी ठरली. दोन आठवडे. तेवढ्यात जखम लहान होताना दिसली नाही तर चेंबर बंद, पाय कापायचा. उगाच वेळ काढून विष वर चढायला नको. मॅडमनी समजावलं की चेंबर एकटं काही करत नाही, ड्रेसिंग, साखर आणि पाय जमिनीला न टेकवणं हे सगळं लागतं, आणि फरक दिसायला कधी कधी वेळ जातो. शिवाय रोज आरशात तळवा बघा म्हणाल्या.

"तळवा ही बघेल," काका काकूंकडे बघून म्हणाले. "आणि मोजेलही हीच. तुम्ही तुमच्याच मशीनचं कौतुक करणार."

तेव्हा ठरलं ते असं: दर रविवारी काकूंनी जखमेवर स्वच्छ बटर पेपर धरायचा, निळ्या पेनाने कडा काढायची, कागदावर काका सही करणार.

काका चेंबरमध्ये गेले की काकू बाहेर बाकावर बसत. एकदा म्हणाल्या, "भाऊ, पाय गेला तर हे घराबाहेर पडायचे नाहीत हो. दर संक्रांतीला मंडळाच्या बसने पानिपतला जातात. बसमधून उतरून काला अंबच्या युद्धस्मारकापर्यंत चालत. कोणाचा हात धरत नाहीत. माझाही नाही."

*

दोन आठवडे झाले. सोमवारी काकांनी कागद दाखवला. जखम तिसऱ्या हिश्शाने लहान.

मॅडमची फाईल माझ्याकडेच असायची. त्यांचं माप होतं तिथेच होतं. मॅडम काकांना तोंडावर म्हणाल्यासुद्धा, "गोगटे साहब, अभी फ़र्क नहीं है, पर रुकिए."

"आमच्या घरच्या कागदावर फरक आहे," काका म्हणाले आणि चेंबरकडे निघाले.

आता दोन मापं, म्हणजे एक खोटं. माझा पहिला संशय सवयीने चड्ढाजींवर गेला, पण त्यांनी फाईलमधलं माप बदललं असतं तर लहान केलं असतं, मोठं नाही. ड्रेसिंगच्या वेळी मी स्वतः वाकून पाहिलं. मॅडमचं बरोबर होतं.

बाहेर आलो. काकूंनी माझं तोंड पाहिलं आणि पर्सचा बंद नीट करू लागल्या.

"भाऊ, डॉक्टरीणबाई वेळ लागतो म्हणाल्या होत्या ना?"

"हो."

"मग मी जरा आधी काढते, इतकंच."

मी आत जाऊन मॅडमना एवढंच विचारलं की चालू ठेवण्यात धोका तर नाही. त्या म्हणाल्या, जंतू आटोक्यात आहेत, पायाला ऑक्सिजन पोचतोय, थांबवलं तरच धोका. मी गप्प बसलो. अख्ख्या नोकरीत अर्धवट सोडलेली झडती ही एकच, आणि तिचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पाचव्या आठवड्यात मॅडमची फुटपट्टी हलली. मी काकूंना सांगायला बाहेर गेलो तर त्या आधीच डोळे पुसत होत्या.

*

चेंबरची एक गंमत आहे. वीस-पंचवीस बैठकांनंतर काही लोकांची नजर बदलते. जवळचं छान दिसतं, लांबचं पुसट होतं. काही आठवड्यांनी पूर्ववत होते. काकांनी एका सकाळी चष्म्याशिवाय ब्रोशर वाचलं, बारीक अक्षरासकट.

चड्ढाजी नाचायचेच बाकी होते. "देखा? चश्मा उतर गया. छपवाते हैं."

"जरूर छपवाइए," काका म्हणाले. "पहले ये सात गलतियाँ ठीक कर लीजिए." आणि रुबाबात कुबडी टेकत बाहेर जाऊन, टॅक्सी समजून, परक्या माणसाच्या पांढऱ्या मारुतीत मागे बसले. "मयूर विहार." चालवणाऱ्या सरदारजींनी बिचाऱ्यांनी सोडलंही. काकू आमच्या बाकावर वाट बघत राहिल्या.

*

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. काका आले. कुबडी नाही, खास करून घेतलेला बूट, चाल थोडी जपून, पण हात कोणाचा नाही. काकू बाहेर ऑटोत बसून होत्या.

तिळगूळ दिला. "जाऊन आलो," एवढंच म्हणाले. मग सवयीने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मीही माझे दाखवले.

निघताना पिशवीतून बटर पेपरची चळत काढली. "फाईलला लावा. पुरावा घरी ठेवायचा नसतो."

ते गेल्यावर मी कागद लावायला घेतले. आठ होते. पुढच्या बाजूला काकूंची निळी रेघ. एक कागद उलटा पडला तेव्हा दिसलं, मागच्या बाजूलाही एक रेघ आहे, पेन्सिलीची, थरथरती. आकार उलटा, डाव्याचा उजवीकडे, दाढीच्या आरशात बघून काढल्यासारखा.

मी तो कागद खिडकीशी उजेडात धरला. पेन्सिलीचा आकार सुलटा झाला आणि काकूंच्या रेघेच्या बाहेरून, चांगला बोटभर मोठा, फिरलेला दिसला. मग मी सगळेच धरून पाहिले. पहिल्या कागदावर दोन्ही रेघा एकावर एक. पुढच्या तिन्हींवर निळी आत, पेन्सिलीची बाहेर. पाचव्यापासून पुन्हा एकावर एक, दर रविवारी लहान होत गेलेल्या. आठव्यावर दोन्ही बाजूंना रेघच नाही.

आणि आठही कागदांवर, पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: "तपासले. बरोबर आहे." खाली तारीख आणि पूर्ण सही.